कोपरावरचे चट्टे आणि हृदय: स्मार्टवॉचला न दिसणारं कनेक्शन

हातात स्मार्टवॉच आलं की आपल्याला वाटतं, आता हृदयाचं सगळं कळतंय. ठोके किती, पावलं किती, झोप किती, सगळं स्क्रीनवर. पण त्याच हाताच्या कोपरावर जाडसर चट्टे असतील, त्यावरून पांढरे खवले सुटत असतील आणि हे वर्षानुवर्षं चालू असेल, तर त्या चट्ट्यांचाही हृदयाशी काही संबंध असू शकतो हे कुठलंच घड्याळ सांगत नाही. बऱ्याचदा डॉक्टरांच्या घाईच्या ओपीडीतही हा विषय निघत नाही.

आज आपण सोरायसिसबद्दल बोलणार आहोत. नाव ऐकलं नसेल, पण माणूस नक्की पाहिला असेल. कोपर, गुडघे, डोक्याची कातडी, कंबर इथे चट्टे, केसांत न जाणारा 'कोंडा', नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे. भारतात झालेल्या वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये याचं प्रमाण साधारण ०.४४ ते २.८ टक्के सापडलं आहे. म्हणजे एखाद्या मोठ्या कॉलेजात असे बरेच जण सहज निघतील. फुल बाह्यांचा शर्ट घालून बसत असल्यामुळे ते दिसत नाहीत, एवढंच.

आधी एक गोष्ट क्लिअर करू: हा आजार लागत नाही

हात मिळवल्याने नाही, एकाच ताटात जेवल्याने नाही, टॉवेल वापरल्यानेही नाही. सोरायसिस हा जंतूंचा आजारच नाही.

वर्धा जिल्ह्यात हे ठासून सांगावं लागतं, कारण कातडीवरच्या डागांची भीती इथल्या इतिहासात खोलवर आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. सेवाग्राम आश्रमात आजही 'परचुरे कुटी' आहे. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री तिथे राहिले आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करत. त्याच आश्रमात गांधीजींना स्वतःला उच्च रक्तदाबाचा त्रास होता आणि डॉ. सुशीला नायर त्यावर लक्ष ठेवून असत. कातडी आणि रक्तदाब, दोन्हीची काळजी एकाच अंगणात घेतली गेली. तेव्हा त्या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या होत्या, आणि कुष्ठरोगाचा या लेखातल्या कनेक्शनशी संबंध नाही. पण सोरायसिसच्या बाबतीत त्या खरंच जोडलेल्या आहेत.

गावाकडे मात्र कुठलाही चट्टा दिसला की 'गजकर्ण', 'नायटा' नाहीतर थेट 'महारोग' म्हणून मोकळे होतात. ढोबळ फरक असा: कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुतेक वेळा संवेदना कमी असते, सोरायसिसच्या चट्ट्यावर संवेदना असते, खाज असते आणि खवले सुटतात. नायटा हा बुरशीचा संसर्ग, तो गोल रिंगसारखा पसरतो. पण हे फक्त समजण्यापुरतं. ठरवायचं काम डॉक्टरांचं, गरज पडली तर तुकडा तपासून.

शरीरात नेमकं होतं काय?

आपल्या कातडीच्या पेशी खालच्या थरात तयार होतात आणि साधारण महिनाभरात वर येऊन झडून जातात. सोरायसिसमध्ये हेच काम काही दिवसांत उरकतं. जुनी पेशी झडायच्या आत नवी वर येते, थरावर थर चढतो आणि जाड चट्टा तयार होतो.

ही घाई कोण करायला लावतं? आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा. तिच्यातल्या काही पेशी विनाकारण 'हल्ला झाला' असं समजून रासायनिक निरोप पाठवत राहतात. या निरोपांची नावं टीएनएफ, इंटरल्यूकिन १७, इंटरल्यूकिन २३ अशी आहेत. नावं पाठ करायची गरज नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच की हे निरोप कोपरापुरते थांबत नाहीत. ते रक्तात उतरतात आणि रक्त सगळीकडे फिरतं. फोनमध्ये एखादं अ‍ॅप तुम्ही उघडलेलंही नसतं, पण ते मागे चालू राहून बॅटरी खात असतं, तसा हा प्रकार. डॉक्टर याला दाह म्हणतात. सोप्या भाषेत, आतून धुमसणारी सूज.

आता हृदयाकडे या. हार्ट अटॅक म्हणजे नळात कचरा अडकावा तसं चरबी अडकते, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतं. तिथे त्याला गिळायला प्रतिकारक पेशी येतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच अडकून पडतात. भिंतीत गाठ तयार होते. ही गाठ वर्षानुवर्षं शांत पडून राहू शकते. पण सूज वाढली की गाठीवरचं आवरण पातळ होतं, एक दिवस फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि रस्ता बंद होतो. चरबी शिरण्यापासून आवरण फाटण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर दाहाचा हात असतो. चट्ट्यात जे निरोप सापडतात, त्यातले काही या गाठींतही सापडतात.

मग धोका खरंच किती वाढतो?

इथे नीट लक्ष द्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर हीच माहिती घाबरवण्यासाठी फिरते.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या जोएल गेल्फँड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या. सोरायसिस असलेले सुमारे १ लाख ३१ हजार लोक आणि नसलेले साडेपाच लाखांहून जास्त. दर १००० लोकांमागे वर्षाला किती हार्ट अटॅक आले? सोरायसिस नसलेल्यांत ३.५८, सौम्य सोरायसिसमध्ये ४.०४ आणि तीव्र सोरायसिसमध्ये ५.१३.

फरक आहे, पण आभाळ कोसळण्याइतका नाही. वयानुसार पाहिलं तेव्हा मात्र चित्र बदललं. साठीच्या माणसात तीव्र सोरायसिसमुळे धोका सुमारे १.३६ पट होता, पण तिशीच्या माणसात तो सुमारे ३.१ पट निघाला. म्हणजे तुमच्या-माझ्या वयात हा आजार जास्त बोलतो.

'तीन पट' ऐकून पोटात गोळा येतो, पण तिशीत हार्ट अटॅकचा मूळ धोकाच खूप छोटा असतो. छोट्या आकड्याची तिप्पट म्हणजे अजूनही छोटाच आकडा. प्रश्न आज रात्रीचा नाही, पुढच्या वीस-तीस वर्षांचा आहे.

दुसरी शंका तुमच्याही मनात आली असेल: सोरायसिस असलेल्यांमध्ये वजन, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू हे सगळं जास्त आढळतं, मग दोष त्यांचाच नसेल कशावरून? रास्त शंका आहे. या अभ्यासात वय, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, वजन यांचा हिशेब वजा केल्यावरही तीव्र सोरायसिसचा धोका उरला. तरी अशा नोंदींवरच्या अभ्यासातून 'यामुळेच हे झालं' असं शंभर टक्के सिद्ध होत नाही. संबंध आहे हे मात्र नक्की. २०१८ च्या अमेरिकी कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत हृदयाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत सोरायसिसचं नाव आलं. आणि त्याच यादीत आणखी एक ओळ आहे: दक्षिण आशियाई वंश. म्हणजे आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या सोरायसिस असलेल्या पोराला त्या यादीत दोन टिक आधीच लागलेल्या आहेत.

दक्षिण आशियाई का? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आपल्या भागातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या देशांत ५८.८ व्या वर्षी. जवळपास सहा वर्षं आधी.

कोड, मुरुम, साधा नायटा यांना हे लागू करू नका. त्यांना हा हिशेब बसत नाही. ल्युपससारख्या आजारात मात्र हृदयाचा धोका खरंच वाढतो, आणि काखेत-जांघेत वारंवार गळू होणाऱ्या हायड्राडेनायटिसमध्येही तसं दिसलं आहे.

कातडी बरी केली की हृदय वाचतं?

तर्काने 'हो' वाटतं. विज्ञानाचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे, आणि मला हाच भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो.

२०१७ मध्ये 'कँटोस' नावाच्या चाचणीचे निकाल आले. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ लोकांवर दाह कमी करणारं एक इंजेक्शन वापरून पाहिलं. कोलेस्टेरॉल जागेवरच राहिलं, तरी एका डोसला पुढचे झटके व त्यासारख्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे फक्त सूज कमी करूनही हृदयाला फायदा होतो हे पहिल्यांदा ठोसपणे दिसलं. पण जीवघेणे संसर्गही थोडे वाढले.

मग २०१८ मध्ये दुसऱ्या चाचणीत ४,७८६ हृदयरोग्यांना मेथोट्रेक्सेट दिलं. सोरायसिसमध्ये सर्रास वापरलं जाणारं, स्वस्त औषध. निकाल? हृदयाला काहीच फायदा नाही. (हे लोक सोरायसिसचे नव्हते, हेही खरं.) टीएनएफ रोखणाऱ्या महागड्या इंजेक्शनने सोरायसिस रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतली सूज कमी होते का हेही तपासलं गेलं, आणि तिथेही अपेक्षेइतकं हाती लागलं नाही.

त्यामुळे कुणी 'आमच्या औषधाने चट्टे जातील आणि हार्टही क्लीन होईल' असं रीलमध्ये सांगत असेल, तर स्क्रोल करा. चट्ट्यांचा इलाज चट्ट्यांसाठी करायचा, जगणं सुसह्य व्हावं म्हणून. हृदयासाठी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू आणि वजन यांच्याकडे वेगळं बघायचं.

स्मार्टवॉच आणि अ‍ॅप कुठे कामाचं, कुठे नाही

घड्याळाच्या मागचा हिरवा लाइट कातडीतून आत जातो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर कमी-जास्त परत येतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. कल्पना भारी आहे. पण कोलेस्टेरॉल, साखर किंवा रक्तवाहिनीतली सूज यातून मोजली जात नाही. ज्या महाग घड्याळांत ईसीजी असतो, तो एकाच बाजूने काढलेला फोटो समजा. ठोक्यांची लय बिघडली तर तो पकडू शकतो. हार्ट अटॅक ओळखण्यासाठी तो बनलेलाच नाही. दवाखान्यातला ईसीजी बारा बाजूंनी बघतो.

स्वस्त घड्याळं रक्तदाबही दाखवतात. त्या आकड्यावर औषध सुरू किंवा बंद करू नका. दंडाला पट्टा बांधून मोजणारं मशीन वापरा, पाच मिनिटं शांत बसून, दोनदा. १४०/९० च्या वर वारंवार येत असेल तर डॉक्टर गाठा.

आणि हो, पट्ट्याचं एक वेगळंच लफडं आहे. सोरायसिसमध्ये जिथे कातडी घासली जाते, खरचटते किंवा भाजते, तिथे नवा चट्टा उठू शकतो. याला कोबनर परिणाम म्हणतात. घट्ट रबरी पट्टा, खाली घाम आणि वर विदर्भाचा मे महिना, म्हणजे चट्ट्याला आमंत्रणच. मनगटावर चट्टा असेल तर घड्याळ दुसऱ्या हातात घाला, पट्टा सैल ठेवा, कापडी घ्या, झोपताना काढा. उन्हाने अनेकांना बरं वाटतं हे खरं, पण भाजेपर्यंत उन्हात बसलात तर तोच कोबनर आडवा येतो.

हृदयाचा धोका मोजणारी ऑनलाइन कॅल्क्युलेटर मिळतात. ब्रिटनचं 'क्यूरिस्क ३' बरंच प्रसिद्ध आहे. त्यात भारतीय वंशाचा पर्याय आहे, संधिवात आहे, ल्युपस आहे, सोरायसिस मात्र नाही. अमेरिकेच्या त्वचारोग संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे की आजार तीव्र असेल, तर आलेला आकडा दीडने गुणावा. शिवाय यातली बरीच कॅल्क्युलेटर चाळिशीच्या पुढच्यांसाठी बनलेली आहेत. पंचविशीत त्यात 'धोका १ टक्का' आलं म्हणून खर्रा सुरू ठेवायचं लायसन्स मिळत नाही.

'तीव्र' म्हणजे किती, ते तुम्ही घरीच मोजू शकता. बोटांसकट तुमचा एक तळहात म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का भाग. सगळे चट्टे मिळून तीन तळहातांपेक्षा कमी असतील तर सौम्य, तीन ते दहा मध्यम, दहाच्या वर तीव्र. चेहरा, तळहात-तळपाय किंवा गुप्तांगावर असेल तर थोडासाही गंभीरपणे घ्यायचा.

फोनचा खरा उपयोग कॅमेऱ्यात आहे. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. फिल्टर, ब्यूटी मोड बंद. सहा महिन्यांचे फोटो डॉक्टरांना जे सांगतात ते 'कमी-जास्त होत राहतं' या वाक्यातून कळत नाही. फोटोवरून आजार ओळखणाऱ्या एआय अ‍ॅपवर मात्र भिस्त ठेवू नका. अनेक अ‍ॅप गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकलेली असतात. तिथे सोरायसिस लालभडक दिसतो, आपल्या सावळ्या कातडीवर तो जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो.

औषधांचे सापळे

पहिला सापळा मेडिकल स्टोअरवरच्या ट्यूबचा. 'खाजेचं मलम द्या' म्हटलं की स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र असलेली ट्यूब मिळते. अनेक स्टेरॉइड मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती मिळतात. सोरायसिसमध्ये डॉक्टरही स्टेरॉइड मलम देतात, पण ठरलेल्या जागी, ठरलेले दिवस. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन मात्र जास्त धोक्याचं. आठवडाभरात चट्टे गायब होतात, बंद केलं की अंगभर पू भरलेले फोड उठू शकतात. वरून रक्तदाब आणि साखर वाढते, म्हणजे हृदयाचं नुकसान वेगळंच. 'जडीबुटी'च्या नावाने मिळणाऱ्या बिननावाच्या पुडीने चार दिवसांत फरक पडला, तर खूश होण्याआधी संशय घ्या.

दुसरा सापळा मेथोट्रेक्सेटचा, आणि इथे चूक जिवावर बेतते. ही गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. फोनमध्ये रिमाइंडर लावताना 'डेली' नाही, 'वीकली' निवडा, वार ठरवा आणि घरातल्या एकाला तो वार सांगून ठेवा. या औषधावर रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, दारू नाही, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, मुलगी असो की मुलगा.

सायक्लोस्पोरिनने रक्तदाब वाढू शकतो, असिट्रेटिनने रक्तातली चरबी. बायोलॉजिक इंजेक्शनच्या आधी टीबीची तपासणी लागते, आपल्या देशात तर हमखास. उलट बाजूने, रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, काही लोकांत चट्टे वाढवू शकतात. म्हणून वडिलांना सोरायसिस असेल आणि ते हृदयाच्या डॉक्टरांकडे जात असतील, तर चट्ट्यांची गोष्ट तिथेही सांगायची. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही.

आणि खर्रा. विदर्भात यावर बोललं की माणसं हसतात. सिगारेट ओढत नाही म्हणजे तंबाखूचा त्रास नाही, असा सोयीस्कर समज आहे. खर्ऱ्यातली तंबाखू तोंडावाटे रक्तातच जाते, ठोके आणि रक्तदाब वाढवते. वर्धा जिल्हा कागदावर दारूबंदीचा असला तरी दारूचंही तेच: चट्टे भडकतात, मेथोट्रेक्सेटबरोबर लिव्हर जातं. जाड माणसाचं वजन उतरलं की चट्टे आणि रक्तदाब दोन्हीला आराम पडतो, हे मात्र चांगल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. आपल्याकडे पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात, बायकांची ८०. टेलरची टेप पुरते. गोरसपाक कायमचा सोडा असं कुणी म्हणत नाही, पण रोज चहाबरोबर चार नकोत.

वर्ध्यात कुठे जायचं, काय विचारायचं?

या बाबतीत जिल्हा नशीबवान आहे. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ मध्ये सुरू झालेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, तर सावंगी मेघेला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. दोन्हीकडे त्वचारोग आणि मेडिसिन हे विभाग एकाच आवारात आहेत, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही कामं होतात. आष्टी-कारंजाकडून येणं जमत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनीवर फोनवरून मोफत सल्ला मिळतो. पहिलं निदान मात्र प्रत्यक्ष दाखवूनच करून घ्या.

त्वचेच्या डॉक्टरांना सरळ विचारा: "सर, मला सोरायसिस आहे, माझं बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासायचं का?" हा प्रश्न विचारायला लाजायचं काही नाही. सकाळी उठल्यावर बोटं किंवा कंबर अर्धा तास आखडलेली राहत असेल तर तेही सांगा. सोरायसिसचा संधिवात वेळेत पकडला नाही तर सांधे कायमचे वाकतात. उदास वाटणं, लोकांत जायला नको वाटणं, लग्नाच्या विषयाने झोप उडणं, हेही याच आजाराच्या ओपीडीत बोलायचे विषय आहेत.

छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, घाम फुटणं, दम लागणं असं अचानक झालं तर घड्याळ 'नॉर्मल' दाखवतंय म्हणून थांबू नका. गॅस असेल म्हणून सोडा पीत बसू नका, बाइकवर स्वतः निघू नका. १०८ लावा आणि जवळच्या अशा दवाखान्यात जा जिथे लगेच ईसीजी निघतो. तिथे पोचल्यावर दोन गोष्टी आधी सांगा: दुखायला किती वाजता लागलं, आणि कोणती औषधं चालू आहेत. औषधांच्या पट्ट्यांचा एक फोटो फोनमध्ये आताच काढून ठेवला, तर दुसरी गोष्ट सांगायला बोलावंही लागणार नाही.